हाताचं वळण

गोदा सेन्सरचा हातमोजा घालूनच भाकऱ्या थापायची, भांडी घासायची, केस विंचरायची. चिंचेवरून पडून तिच्या रंगनाथाची मान मोडली, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या तुटलेल्या मज्जारज्जूत पेशींचा नवा पूल बसवला होता. पण पूल अगदी कोरा. हात कसा हलवायचा, हे त्याला जवळच्या कुणाच्या तरी हातांनी, हातमोज्यातून हालचाली पाठवून, शिकवावं लागे. गोदा शिकवत होती, पण रंगनाथाचं बोटसुद्धा हलत नव्हतं.

"दगडाला शिकवतेस गं," तो म्हणायचा.

"दगडाशीच लग्न लावून दिलंय माझं," ती म्हणायची आणि पाठमोरी होऊन डोळे पुसायची.

एका सकाळी वॉर्डाच्या दारात थोरले दीर खाकरले. गोदा डोक्यावर पदर घेणार, तोच खाटेवरून रंगनाथाचा हात थरथरत उठला, कानामागून वर गेला आणि नसलेला पदर कपाळापर्यंत ओढून थांबला.

दीर खाटेजवळ आले. मग म्हणाले, "रंग्या, जन्मात कधी माझा मान ठेवला नाहीस, आणि आता लाजतोस व्हय रं?"

"हिचं वळण, दादा," रंगनाथ कसाबसा म्हणाला.

गोदाला हसू आवरेना. "खाली घेऊ नका हो हात," ती म्हणाली. "डोळे भरून बघू द्या मला."