राजाचे टॉन्सिल

कामथडीच्या जत्रेतल्या नाटकात राजा दरवर्षी मीच. एका साली ऐन जत्रेच्या दिवशी माझे टॉन्सिल असे सुजले की आवंढा गिळवेना, मग डरकाळी कुठली फोडणार? शेवटी ठरलं, मी मुकुट घालून नुसते ओठ हलवायचे आणि माझी भाषणं पडद्याआडून लतीफ शिंप्यानं म्हणायची. नाहीतरी दरवर्षी विंगेतून मला शब्द पुरवायचं काम त्याचंच होतं.

लोकांनी राजाला डोक्यावर घेतलं. नाटक बसवणारे आनंदराव तर डोळे पुसत म्हणाले, "मानसिंग, राजा आज पयल्यांदा राजावानी बोलला बग!"

ते मला फार लागलं. सर्व्हिस मोटार धरून पुणं गाठलं आणि डॉक्टरांना म्हटलं, "टॉन्सिल काढूनच टाका."

"अहो, ते घशाचे द्वारपाल. रोगाला दारातच अडवतात," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी घशात बॅटरी मारली. "पण तुमचे स्वतःच कायमचे आजारी दिसतात. काढू या."

पुढच्या जत्रेआधी आनंदरावांनी काळजीनं विचारलं, "घसा कसा हाय रं?"

"ठणठणीत!" मी आवाज घुमवून सांगितलं. "आता पुन्ना सुजायचा न्हाई."

"कदीच न्हाई?"

"कदीच न्हाई!"

त्यांचा चेहरा पडला. त्यांनी माझा मुकुट लतीफला दिला आणि माझ्या हातात भाला.

"यंदा तू द्वारपाल," ते म्हणाले. "त्याला बोलाया लागत न्हाई."