खांबावरचा पोरगा

“खांबावरचा तो पोरगा काढून टाक,” साहेब भिंग खाली ठेवत म्हणाले. “खांब राहू दे, झेंडा राहू दे. पोरगा नको.”

कारागिराने हातातली कोरणी खाली ठेवली.

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होत होती, म्हणून नवी नोट निघणार होती. मागच्या बाजूला पहिल्या दिवशीचा चौक. तुडुंब गर्दी, आणि दिव्याच्या खांबावर चढून झेंडा बांधणारा एक पोरगा. जुन्या वर्तमानपत्रातल्या फोटोवरून कारागिराने तो पोलादी पत्र्यावर कोरला होता. पाच महिने, डोळ्यांत तेल घालून. तो पोरगा म्हणजे आपला सख्खा थोरला भाऊ, हे मात्र त्याने छापखान्यात कुणाला कळू दिलं नव्हतं.

“वर कुणीतरी नाव हुडकून काढलंय,” साहेब आवाज खाली आणून म्हणाले. “दोन वर्षांनी संपात धरलेला माणूस निघाला हा. देशाच्या पहिल्या अध्यक्षांनी स्वतः सही करून उचलायला लावलेला. नोटेवर पुढून अध्यक्षांचा चेहरा आणि मागून हा? तुझीही नोकरी जाईल बाबा, माझीही.”

उचलला तो उचललाच. ना माणूस परत आला, ना मुडदा. आई वाट बघून बघून थकली. आता तर तिचे डोळेही गेले होते. आणि कारागिराला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, त्याने घरी सांगून ठेवलं होतं, “आई, कोरलेल्या चित्राची शाई कागदावर उठून येते. बोटाला लागते. दादाचा चेहरा तांदळाएवढाच आहे, पण तुला कळेल.” तेव्हापासून म्हातारी रोज बोटांना तेल चोळत होती. बोटं बधिर होऊ नयेत म्हणून. “एकदा त्याच्या तोंडावरून हात फिरला की मी सुटले,” म्हणायची.

त्याने पत्रा पुढे ओढला. रेघा खरवडल्या. मग पत्रा पालथा घालून पाठीमागून हातोडीचे बारीक ठोके दिले, खड्डा वर आणला, घासून गुळगुळीत केला. भावाला दुसऱ्यांदा नाहीसं करायला पाऊण तास लागला.

नोटा निघाल्या त्या दिवशी प्रत्येक कारागिराला एकेक मिळाली. तो दारात पाऊल टाकतोय तोच आईने दोन्ही हात पुढे केले.

“आणलास त्याला?”

त्याने खिशातून नोट काढली. मागच्या बाजूला खांबावर नुसता झेंडा होता. त्याने नोट उलटली. पुढच्या बाजूला शाई सगळ्यात जाड होती, अध्यक्षांच्या चेहऱ्याची. त्याने आईचं बोट धरलं आणि तिथं टेकवलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

आई कितीतरी वेळ चाचपत राहिली. कपाळ, नाक, हनुवटी. मग तिने नोट ओठांना लावली.

“तांदळाएवढा म्हणाला होतास, हा तर केवढा मोठा काढलास रे!” ती रडता रडता हसली. “आणि गाल बघ किती भरलेत. मी मेली उगाच झुरत होते. उपाशी नाही ठेवला हो त्यांनी माझ्या पोराला.”