मोठं इंजिन

माणूस आणि यंत्र यांच्या युगायुगांच्या नात्यात आजपासून नवं पर्व सुरू होत आहे, असं मोतीराम पैठण गेटजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात शिरता शिरता म्हणाले. दुकानदार देवेशने मान वर न करता सांगितलं, "काका, चप्पल बाहेर." नवं पर्व दोन पावलं मागं गेलं.

मोतीरामांनी एकतीस वर्षं चिकलठाण्याच्या कारखान्यात एसटीच्या सांगाड्यांवर बॉड्या चढवल्या होत्या. तयार वस्तूवर त्यांचा विश्वास नव्हता. आत काय कोंबलंय ते कळत नाही. म्हणून कॉम्प्युटर सुट्या भागांचा घ्यायचा, प्रत्येक भाग डोळ्यांनी बघून, असं घरात ठरलं होतं. म्हणजे त्यांनी ठरवलं होतं आणि सून सुलेखाने तव्यावरची भाकरी उलटली होती. बजेट अठ्ठावीस हजारांचं होतं. त्यातले सहा दुष्काळाने टँकरच्या पाण्यात बुडवले. मुकुंदवाडीत त्यांच्या घरासमोर नवी सात मजली इमारत उठली होती. सातव्या मजल्यापर्यंत लिफ्ट पोचली होती, गुळगुळीत फरशी पोचली होती. पाणी तेवढं वाटेत होतं.

"पहिलं इंजिन दाखवा," मोतीराम म्हणाले.

"प्रोसेसर," देवेश म्हणाला. "काम काय करायचंय त्यावर?"

"लग्नपत्रिका, जयंतीचे बॅनर, वाढदिवसाचे बॅनर. ही माझी सून सगळं करती. सध्या प्रेसमधी दुसऱ्याच्या मशीनवर करती, आता घरी करंल. पुढची खोली मोकळी केलीय. पाटीबी रंगवून आणलीय."

पाटी खरंच आणली होती. ती कॉटखाली होती आणि सुलेखाला ती रोज झाडताना दिसत होती. पुढची खोली राजेंद्रची. मोतीरामांचा हा एकुलता मुलगा दोन वर्षांपूर्वी जालना रोडवर अपघातात गेला. तेव्हापासून घरात सासरा आणि सून, दोनच माणसं. काम घरात आलं की माणूस घरात राहतं, असा मोतीरामांचा साधा हिशेब होता. तो त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. सांगितलं होतं ते नेमकं उलटं. राजेंद्र गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीत भरल्या मांडवात उभं राहून ते म्हणाले होते, "पोरीनं माझ्याकडं बघून थांबू नये. चांगलं ठिकाण आलं तर मीच बाप म्हणून उभा ऱ्हाईन." लोकांचे डोळे पाणावले. करमाडहून आलेल्या सुलेखाच्या वडिलांनी त्यांचे पाय धरले. पुढं आठ दिवस वस्तीत मोतीरामांचंच नाव होतं. अशी वाक्यं कुणी खरी धरून चालत नाही, अशी त्यांची समजूत होती.

देवेशने काउंटरवर दोन खोकी ठेवली. सुलेखाने लहान उचललं.

"हा बास झाला, मामा."

"अगं, चढाला दम टाकंल हे."

"चढ कुठाय."

मग तिने मेमरी निम्मी केली. ग्राफिक कार्ड नकोच म्हणाली. कीबोर्ड मात्र पाच-सहा दाबून पाहिले आणि मोठ्या अक्षरांचा निवडला. स्पीकर मोठ्या आवाजाचे मागितले. कॅमेरा दुकानातला सगळ्यांत चांगला.

"ताई, बॅनरला कॅमेरा कशाला?" देवेशने विचारलं.

"लागतो."

मोतीरामांना भरून आलं. ते देवेशकडं वाकून म्हणाले, "बघा, कशी चेंगट हाय. माझा एक रुपया सुटू देत नाय." मग त्यांनी मोठं खोकं स्वतः पुढं ओढलं. "बाकी काय कापायचं ते कापा. इंजिनात कंजुषी नाय. धा वर्षं बसायचंय तिला यावर."

सुलेखाने खोक्यावर हात ठेवला.

"मी नाय बसणार, मामा. हे मशीन तुमच्यासाठी हाय."

"मला काय करायचंय?"

"करमाडला नाशिकचे लोक येऊन गेले. तुमी भरल्या मांडवात शब्द दिला व्हता, म्हणून आमच्या आबांनी व्हय म्हणलं." तिने खोक्यावरचा हात काढला. "मीबी म्हणलं. सोमवारपासून सांगायला बघायलेय तुमाला. कधी टँकर येतो, कधी तुमी पाटी दाखवायला लागता."

देवेश अचानक मागच्या फळीवर काहीतरी शोधू लागला. तिथं काही नव्हतं.

"कॅमेऱ्यातून रोज बोलता येतं," सुलेखा म्हणाली. "नेटचं मी बघितलंय. जायच्या आधी सगळं शिकवून जाते. बोलाय-बघायला लहान प्रोसेसर लई झाला."

मोतीरामांनी मोठं खोकं हातात घेतलं. त्याच्या चारही बाजू पाहिल्या, कोपरे पाहिले, कारखान्यात माल पास करताना पाहायचे तसे. मग ते जपून काउंटरवर ठेवलं आणि बोटाने देवेशकडं सरकवलं.

"चांगला माणूस हाय?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मग हे लहानच बांधा," ते देवेशला म्हणाले. "मला कुठं बॅनर करायचेत."

देवेशने भाग एकेक करून पिशवीत भरले. कॅमेरा सगळ्यांत शेवटी. मोतीरामांनी तो त्याच्या हातातून घेतला, भिंगाला डोळा लावून जरा वेळ आत बघितलं, आणि परत दिला.

"सुलेखा."

"हां, मामा."

"कॅमेरा लावायच्या आधी एक मिस्ड कॉल देत जाय. तिकडची नवी माणसं असतेल, अन् घरात मी बनियनवर असतो."