अकरा बोल्ट

यंदाच्या पावसाने मुलुंडच्या डोंगरातला तो कडा पार खिळखिळा करून टाकला. रिक्षाएवढा दगड सुटून खाली आला, तेव्हा गिर्यारोहण क्लबने ठरवलं की हा चढाईचा मार्ग कायमचा बंद करायचा आणि कड्यात ठोकलेले बोल्ट काढून टाकायचे. पण गिर्यारोहकांची एक रीत असते. ज्याने मार्ग पहिल्यांदा चढून बांधला, त्याला विचारल्याशिवाय त्याच्या बोल्टला कुणी हात लावत नाही. आणि हा मार्ग होता मार्तंडसरांचा, पस्तीस वर्षांपूर्वीचा.

विचारायला गंधालीलाच पुढे केलं. बारा वर्षं त्या कड्याखाली उभं राहून वर चढणाऱ्या सरांचा दोर तीच धरत आली होती. सकाळी सर घरी सापडले नाहीत, तशी ती तडक डोंगरावर निघाली, वाटभर वाक्यं जुळवत.

कड्यापासून चांगलं लांब, झाडाखाली सर चहा पीत बसले होते. केसांत दगडाची धूळ आणि शेजारी जेवणाच्या डब्यात अकराच्या अकरा बोल्ट.

जुळवलेली वाक्यं आता कामाची नव्हती.

"इतकी वर्षं अंगाखांद्यावर खेळवलं गं त्याने," कड्याकडे बघत सर म्हणाले. "आता थकलाय. आपणच उतरायचं."

"म्हणून वरून दोर बांधून एकटेच लटकलात? या वयात? मला एक फोन करता आला नाही?" गंधाली भडकलीच.

सरांनी शांतपणे डब्याचं झाकण लावलं.

"केला असता, तर दोर धरायला तू खाली उभी राहिली असतीस."