थरथरत्या बोटाची बेल

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या उशाशी मी बेलचं बटण ठेवलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी आमची कंपनी ही बेल बनवते. बटणाची हाक पलीकडच्या खोलीतल्या यंत्राला ऐकवून बेल वाजवणारा प्रोग्रॅम मी लिहिलाय. सकाळी बेल वाजली, मी पाणी देऊन आले. मग दुपारपर्यंत शांतता. पलीकडच्या खोलीत माझं काम झकास झालं.

जेवण घेऊन गेले तर चादर ओली होती. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"बेल का नाही दाबलीत?"

"दाबली. बऱ्याचदा. मग म्हटलं, तू कामात असशील."

चादर बदलून मी कोड उघडला. चूक दहा मिनिटांत सापडली. एक हाक ऐकताना यंत्र पुढच्या हाकांना दार लावून घेतं आणि ऐकून झालं की उघडतं. अण्णांच्या बोटाची थरथर माझा कोड खोटी हाक समजला आणि मधूनच परत फिरला. दार उघडायचं राहूनच गेलं आणि पुढची एकही हाक आत पोचली नाही. आठवडाभर मी चाचणी घेतली होती, ती माझ्या धडधाकट बोटाने.

दार उघडणारी राहिलेली ओळ कोडमध्ये घातली आणि म्हटलं, "अण्णा, आता दाबून बघा."

बेल वाजली. "चालते की," ते म्हणाले आणि बटण बाजूला ठेवलं.

आज चौथा दिवस. बेल एकदाही वाजलेली नाही. दर अर्ध्या तासाने मीच उठून डोकावते. माझी पावलं वाजली की अण्णा डोळे मिटून घेतात.