डाळिंबाचा वाडगा

कुसाका डॉक्टरांनी वाडगा दोन्ही हातांनी कियोबाईंच्या गुडघ्यांसमोर चटईवर टेकवला आणि मगच श्वास सोडला. जन्मभर लोकांचे दात उपटले, पण इतक्या जपून त्यांनी कधी काही हाताळलं नव्हतं.

राखी वाडग्यावर डाळिंबाची एकच फांदी, फळ उकललेलं. कियोबाईंचे यजमान मिनेगिशी तोआन आधी चित्रकार. युद्ध संपल्यावर कुंचला टाकून कुंभाराच्या चाकावर बसले. त्यांचे डाळिंबाचे वाडगे जगात बारा, आणि बाराही डॉक्टरांकडे. तसला लाल रंग पुन्हा कुठल्याच भट्टीतून निघाला नाही. एका प्राध्यापकांनी त्या लाल रंगावर चाळीस पानं लिहिली होती. डॉक्टरांनी एकोणीस वर्षांत एकाही वाडग्याला पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता. पुसायचे ते रेशमी रुमालाने, तेही तोंडाला फडकं बांधून.

अकरा वाडग्यांच्या लाकडी पेट्यांवर तोआनच्या हातची अक्षरं होती. बाराव्याची पेटी हरवलेली. पुढच्या महिन्यात ओसाकाच्या एका संग्रहालयात डॉक्टरांच्या नावाचं दालन उघडणार होतं, आणि पेटीवर खरेपणाची खूण म्हणून अक्षर नसेल तर हा वाडगा मांडता येणार नाही, असं तिथून फार नम्रपणे कळवलं होतं. बाराचे अकरा म्हणजे पुढचा दात पडलेलं हसू. करणारा गेला की पेटीवर लिहायचा मान त्याच्या घरच्यांचा. म्हणून डॉक्टर कोरी पेटी काखेत घेऊन शिगाराकी या कुंभारांच्या गावातल्या चढावरच्या या घरी आले होते. नावही योजून आणलं होतं: ‘संध्याकाळचं डाळिंब’.

त्र्याऐंशीच्या कियोबाईंनी वाडगा उलटा केला, बुडाशी अंगठा फिरवला आणि आमचाच आहे म्हणाल्या. डॉक्टरांचं कपाळ चटईला टेकलं. लिहून देते, बाई म्हणाल्या, पण आधी यातून एक चहा होऊ दे. मांडीवर न घेता बारसं कसलं करायचं?

त्यांनी परात ओढली आणि किटलीतलं कोमट पाणी ओतलं. चहाआधी वाडगा भिजवायचा, हे डॉक्टरांनाही लहानपणापासून ठाऊक होतं. ते एवढंच म्हणू शकले की माई, एवढ्या थंडीत कशाला त्रास.

“त्रास तुम्हाला होतोय, डॉक्टर,” बाई म्हणाल्या. “भूल देऊ का?”

वाडगा पाण्यात बसला. फळाच्या उकललेल्या तोंडातून एक लाल धागा वर आला, हिरडीतून येतो तसा. मग दुसरा. मग पान सुटलं, फांदी वाकडी झाली. डॉक्टरांनी कोटाच्या बाहीसकट हात परातीत घातला आणि वाडगा वर काढला. डाळिंब त्यांच्या तळव्यावर राहिलं. वाडगा नुसता राखी, उघडा.

“सरसातले रंग,” बाई म्हणाल्या. “कागदावरचे. भट्टी कुठली त्यांना? चित्र सोडलं होतं यांनी. पण दुकानदार म्हणायचे, एक तरी फांदी काढा, नुसता वाडगा कोण घेईल. मग काढायचे अशी, पहिल्या चहाला निघून जाईल इतपत. दीडशे तरी केले असतील.”

“बाराच आहेत, माई,” डॉक्टर कसेबसे म्हणाले. “जगात बाराच.”

“बारा न प्यालेले.”

किटली कुजबुजत होती. परातीतलं पाणी गुलाबी झालं होतं. त्या अकरा पेट्यांवर यांनी काय लिहिलंय, असं बाईंनी विचारलं. डॉक्टरांना ते पाठ होतं. डाळिंबाचं नाव एकाही पेटीवर नव्हतं. प्राध्यापकांनी त्याला थोर कलावंताचा विनय म्हटलं होतं, आणि डॉक्टरांनी ते वाक्य दालनाच्या भिंतीसाठी निवडलं होतं.

बाईंनी वाडगा पुसला, हिरवा चहा घुसळला आणि त्यांच्यापुढे सरकवला. डॉक्टरांनी तो दोनदा फिरवून तोंडाला लावला. हातांना सवय होती म्हणून, नाहीतर त्यांना काही कळत नव्हतं. तोवर बाईंनी शाई उगाळली आणि पेटीच्या झाकणावर उभ्या ओळीत एकच शब्द लिहिला. अकरा पेट्यांवर होता तोच.

‘चहासाठी’.

झाकण वाळत ठेवून त्यांनी परात अंगणात रिकामी केली आणि किटली पुन्हा निखाऱ्यांवर चढवली.

“बाकीचे अकरा कधी आणताय?” त्यांनी विचारलं.