जड हात

सभागृहात शेवटचा सूर विरला. मग टाळ्या सुरू झाल्या. पहिल्या रांगेतल्या निवृत्त न्यायाधीशांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्यांच्यामागे बसलेली दातांची डॉक्टर उभी राहिली, तशी रांगेमागून रांग उठली. चेलो वाजवणारी मुलगी गज हातात धरून वाकली. पियानोवरचा तरुणही वाकला.

आई बसूनच होती. लेकीनं कोपराला हात लावला तेव्हा ती उठली आणि टाळ्या वाजवल्यासारखं केलं.

कार्यक्रम तिच्या नवऱ्याच्या स्मरणार्थ होता. उन्हाळ्याच्या तोंडावर ते गेले, तेव्हापासून ती रडली नव्हती. भेटायला येणाऱ्यांना चहा दिला, नवऱ्याचे शर्ट धुऊन इस्त्री करून वाटून टाकले, जेवली, झोपली. आत काही हलत नव्हतं. आजचा सोनाटा, चेलो आणि पियानोसाठीची ती रचना, त्या दोघांची ठरलेली होती. लग्नाच्या आधीपासून दोघं ती एकत्र वाजवत आले होते. ते पुढे चेलो घेऊन, ती मागे पियानोवर. आज चेलो त्यांची शेवटची शिष्या वाजवणार म्हटल्यावर पियानोवर आईच बसेल असं लेकीला वाटलं होतं. पण कार्यक्रम ठेवणाऱ्या संगीत मंडळाच्या चिटणीसांचा फोन आला. तुम्ही आता दगदग करू नका, समोर बसून निवांत ऐका, असं ते म्हणाले. आई बरं म्हणाली. त्यांना काय म्हणायचंय ते तिला कळलं होतं.

गेली काही वर्षं सगळे तेच म्हणत होते. तिचा हात जड झालाय. पूर्वी ती नवऱ्याच्या चेलोमागून सावलीसारखी चालायची, आता अंगावर येते. एका वर्तमानपत्रात तर छापून आलं होतं, की घरात मिक्सर चालू ठेवून शेजारच्यांचं बोलणं ऐकावं, तसा यांचा चेलो ऐकावा लागतो. ते वाचून वडील दिवसभर आईशी बोलले नव्हते. लेकीला वाटलं, चिडले असतील. तिनंच मग आईला बाजूला घेऊन सांगितलं, जरा हळू वाजवत जा. एकदा नाही, किती वेळा सांगितलं. आई ऐकून घ्यायची आणि पुढच्या कार्यक्रमात पुन्हा तेच.

बाहेरच्या दालनात लोक घोळक्यानं उभे होते. न्यायाधीश पुढे आले. "वहिनी, आज खरा चेलो ऐकला," असं बोलून गेले, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन उगाच घसा खाकरला. दातांची डॉक्टर म्हणाली, पियानोवरच्या मुलाला स्वतःला आवरायचं कसं ते बरोबर समजतं. आईनं मान डोलावली. खांबापलीकडे कुणीतरी हलक्या आवाजात सांगत होतं, की शेवटी शेवटी ती त्या बिचाऱ्यांना वाजवूच द्यायची नाही. आवाज पुरेसा हलका नव्हता. लेकीचे कान तापले. आईनं शालीचं टोक सारखं केलं.

तेवढ्यात शिष्या आली. चेहरा अजून घामेजलेला होता. न्यायाधीशांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं. हा सोनाटा इतका स्वच्छ असतो हे आम्हाला ठाऊकच नव्हतं, म्हणाले. मुलगी लाल झाली.

"तसं नाही हो," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत नाही. सरांचा हात..."

"माझा हात जड होता," आई मध्येच म्हणाली. "छान वाजवलंस तू."

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं आईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

परतताना लेक गाडी चालवत होती. संध्याकाळची गर्दी होती, गाडी इंचाइंचानं सरकत होती. लेकीनं समोर बघतच विचारलं, "बाबांच्या हाताला काय झालं होतं?"

आईनं सांगितलं. कालच्या भाजीबद्दल सांगावं तसं सांगितलं. मानेतली नस दबली होती. डाव्या हाताची बोटं वाजवता वाजवता बधिर व्हायची, तार कुठे आहे तेच कळायचं नाही. डॉक्टरांनी चेलो सोडायला सांगितलं होतं. ते म्हणाले, मग मी करू काय? म्हणून दोघांनी ठरवलं. बोटं गेली की ते नुसता गज हलवत राहतील, तारेला लागेल न लागेल इतपत, आणि आई त्यांचे सूरही पियानोवर घेईल. मोठ्यानं घ्यायचे, म्हणजे चेलो त्याखाली बुडाला असं लोकांना वाटेल. शिष्या घरी शिकायला यायची, तिच्या नजरेला ते पडलं. आणखी कुणाला वडील सांगू द्यायचे नाहीत. लेकीला तर नाहीच. वर्तमानपत्रात ते छापून आलं त्या दिवशी त्यांना आईच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. समोरचा रस्ता मोकळा झाला होता. लेकीनं गाडी पुढे घेतली, पण तिला नीट दिसत नव्हतं. तिनं ती बाजूला घेऊन थांबवली.

"लोक काय काय बोलायचे तुला," ती म्हणाली. "मी पण बोलले."

"तुला कधी शंका आली होती?" आईनं विचारलं. "ते वाजवत नाहीयेत अशी?"

लेकीनं नकारार्थी मान हलवली.

आईनं मांडीवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं.

"मग बरं वाजवलं मी," ती म्हणाली.